एक प्रत नांदेडात, एक लातुरात

लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला, की दोन मिनिटांत हा प्रश्न यायचाच. "दादा, फोन फुल्ल झालाय की. काय काय काढू?" मग आम्ही दोघं मिळून छाटणी करायचो. सकाळच्या नमस्कारांची चित्रं काढ, भाच्याच्या क्लासच्या नोट्स राहू दे, सहलीचे व्हिडिओ बघू नंतर. दर दोन महिन्यांनी हेच. अशाच एका छाटणीत आईचा एक व्हिडिओ गेला. जिन्याच्या पायरीवर बसून ती शेंगा फोडतेय आणि नातवाला गोष्ट सांगतेय, जेमतेम तीन मिनिटांचा. तो दुसरीकडे कुठेच नव्हता. आई त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेली होती.

त्या आठवड्यात मी नांदेडच्या घरी सर्व्हर लावायला घेतला. पुढे तोच लातूरलाही लावला. या दोन घरांच्या जोडीत जे शिकलो ते इथे लिहितो आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांची अवस्था हीच आहे. फोटो फोनमध्ये, लग्नाच्या व्हीसीडी माळ्यावर, सातबारा आणि पासबुकाचे स्कॅन कुणाच्या तरी व्हॉट्सॲपमध्ये.

आधी हिशेब पाहू. आजच्या फोनचा एक फोटो साधारण तीन ते पाच एमबीचा असतो. फोर-के व्हिडिओचं एक मिनिट साडेतीनशे-चारशे एमबी खातं. गूगल फुकट देतं १५ जीबी, आणि १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात. म्हणजे फोर-केचा चाळीसेक मिनिटांचा व्हिडिओ झाला की ती जागा संपली. एका बारशाचाही पुरता सोहळा त्यात मावत नाही. पुढे दरमहा भाडं सुरू होतं, आणि ते थांबवलं की प्रश्न पुन्हा उभा राहतो.

सर्व्हर म्हणजे काय, हे लातूरकराला समजावणं सगळ्यात सोपं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हेच शहर. नळ कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून इथल्या घराघरांत हौद, सिंटेक्स, बॅरल भरून ठेवायची सवय आहे. क्लाउड हा नळ आहे. तो चांगलाच आहे, मीही वापरतो. पण त्याची चावी दुसऱ्याच्या हातात. घरचा सर्व्हर म्हणजे आपला हौद : कायम चालू राहणारा एक संगणक, त्याला जोडलेली मोठी डिस्क, आणि घरातला कुठलाही फोन, टीव्ही किंवा लॅपटॉप मागेल ती फाईल त्याला देणारं सॉफ्टवेअर. इतकंच. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही की एसी.

यंत्र कुठलं घ्यावं यावर लोक महिनोन्महिने चर्चा करतात. माझं मत सरळ आहे : पहिला सर्व्हर जुन्या लॅपटॉपवर करा. पडदा फुटलेला असला, दोन कळा चालत नसल्या तरी हरकत नाही. दहा वर्षांच्या आतला आणि ८ जीबी रॅमचा असला की झालं. तो रिकामा बसला असताना दहा-पंधरा वॉट घेतो. पंधरा वॉट चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला सुमारे ११ युनिट. त्याजागी कपाटातला जुना डेस्कटॉप लावला तर तो साठ वॉट सहज ओढेल आणि महिन्याला ४३ युनिट होतील. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं. पहिली १०० युनिटं स्वस्त, त्यापुढची ३०० पर्यंतची बरीच महाग. सर्व्हरची युनिटं तुमच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून ती वरच्या टप्प्याच्या दराने मोजा. दोन वर्षांत डेस्कटॉपची वीज एका नव्या डिस्कची किंमत खाऊन टाकते. घरात लॅपटॉप नसेल तर ऑफिसांतून निघालेले छोटे मिनी पीसी वापरलेल्या मालात मिळतात. नांदेडकराला त्यासाठी पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. सिकंदराबादच्या सीटीसीत, म्हणजे चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, एक चक्कर मारली की निवडायला भरपूर मिळतं.

लॅपटॉपचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे त्याची बॅटरी. आपल्याकडे वीज जाते, येते, पुन्हा जाते. मराठवाड्यात मे-जूनचा वळीव आणि परतीचा पाऊस हे विजांचे दिवस, आणि याच दिवसांत तारा झटके देतात. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तुटली तर फाईल अर्धवट राहते. लॅपटॉपला हा झटका कळतच नाही. त्याला यूएसबीवर चालणारी छोटी, अडीच इंची डिस्क लावली तर तिलाही वीज लॅपटॉपमधूनच मिळते. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला मात्र स्वतःचा अडॅप्टर असतो, तिची सोय वेगळी करावी लागते. ती इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरच्या अंगावरचं छोटं बटण पाहा. पुष्कळ इन्व्हर्टरना दोन खुणा असतात, एक साधी किंवा 'इको' आणि एक 'यूपीएस'. साध्या खुणेवर वीज बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पंखा थांबत नाही, पण संगणक बंद पडतो. 'यूपीएस'वर ठेवलं की हा खंड बराच कमी होतो. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच लाइनवर घ्या. बॅटरीची काळजीही घ्यावी लागते. सतत चार्जरवर राहून ती फुगते. बऱ्याच लॅपटॉपांत चार्जिंग साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती त्याच दिवशी काढा.

उन्हाळ्याची भीती सगळे विचारतात. नांदेड-लातूरचा पारा मे महिन्यात बेचाळिसाच्या पुढे जातो, मग डिस्क टिकेल का? २००७ मध्ये गूगलच्या तीन अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना अपेक्षा होती तेवढा उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध दिसला नाही. जास्त उष्णतेचा त्रास मुख्यतः तीन वर्षांहून जुन्या डिस्कना होता. त्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच निघाली. डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना पहिली चूक नोंदवते, त्यानंतरच्या साठ दिवसांत ती मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट असते. या नोंदींना 'स्मार्ट' म्हणतात आणि सर्व्हरच्या पानावर त्या दिसतात. पण त्याच अभ्यासात हेही आहे, की मेलेल्या डिस्कांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कनी अशी कुठलीच सूचना दिली नव्हती. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. सूचना आली तर डिस्क लगेच बदला, आणि सूचना आली नाही म्हणून निश्चिंत राहू नका. जागेचं म्हणाल तर पत्र्याखाली, माळ्यावर किंवा बंद कपाटात नको. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, जमिनीपासून हातभर वर, वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवा. माझी डिस्क मे महिन्यात ४६ अंशांपर्यंत जाते, कंपनीची मर्यादा ६० ची आहे.

सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तम आहे. मी 'ओपनमीडियाव्हॉल्ट' वापरतो. २०११ मध्ये आलेलं, डेबियन लिनक्सवर उभं असलेलं. पेन ड्राइव्हवरून ते लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर बसवायचं आणि आपल्या फाईलींसाठी बाहेरची डिस्क वेगळी ठेवायची. बसवायला तासभर लागतो. पुढचं सगळं दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून चालतं, लॅपटॉपचं झाकण मिटून टाकता येतं. झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही एवढी सेटिंग तेवढी बदलायची. राउटरमध्ये जाऊन सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरवून द्या, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि घरातले सगळे "सर्व्हर गेला" म्हणून तुमच्याकडे येतात. शक्य असेल तर वायफायऐवजी लॅनची तार लावा, आणि राउटरचं पोर्ट १०० चं आहे की १००० चं ते पाहून घ्या. १ टीबी माल १०० च्या पोर्टमधून जायला एक अख्खा दिवस-रात्र लागते, १००० च्या पोर्टमधून अडीच तास.

फोल्डर घरभर वाटून देण्याचं काम 'सांबा' नावाचा प्रोग्रॅम करतो. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तो १९९२ च्या सुमारास लिहायला घेतला. विंडोजच्या यंत्रांना वाटतं की समोर विंडोजच आहे, प्रत्यक्षात तिथे लिनक्स असतं. या ट्रिजेलचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता एक अडचण सांगतो. ती आपल्यासारख्या लिप्यांत लिहिणाऱ्यांना येते, आणि तिच्यावर माझी एक अख्खी रात्र गेली. जुन्या विंडोज संगणकावरून फोल्डर सर्व्हरवर ओढत होतो आणि काही फाईली जाईचनात. जागा होती, परवानगी होती, तरी नाहीच. निरखून पाहिलं तर अडलेल्या सगळ्या फाईलींची नावं मराठीत आणि लांबलचक होती. 'चि. सौ. कां.' पासून सुरू होऊन मंगल कार्यालयाच्या पत्त्यापर्यंत. कारण असं : विंडोज नावाला २५५ चिन्हं देतं. लिनक्सची नेहमीची ext4 पद्धत २५५ बाइट देते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं आहेत. 'क्षा' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत ते क, हलन्त, ष आणि काना असं चार चिन्हांचं, म्हणजे बारा बाइटचं असतं. त्यामुळे मराठी नावाला २५५ नव्हे, फक्त ८५ चिन्हं मिळतात. उपाय सोपा आहे. नाव आखूड ठेवा आणि वर्ष आधी लिहा : '२०११-०५-१४ हळद'. अशी नावं आपोआप कालक्रमाने लागतात. फक्त आकडे एकतर सगळे मराठी ठेवा किंवा सगळे इंग्रजी, मिसळ केली की क्रम बिघडतो.

त्याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. बाबांनी शिक्षक असताना टाइप करून घेतलेल्या प्रश्नपत्रिका आणि गावच्या सप्त्याची पत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होत्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाईल सुरक्षित आहे, पण वाचता येत नाही. अशा फाईली जुना संगणक चालू आहे तोवर पीडीएफ करून मूळ फाईलीशेजारी ठेवा. डीटीपीवाले ओळखीचे असतील तर एका बैठकीत हे काम होतं.

फोटोंसाठी 'इमिच' लावलं. घरी आल्यावर फोन वायफायवर लागला की नवे फोटो आपोआप सर्व्हरवर उतरतात. चेहरे ओळखून ते माणसामाणसाचे फोटो एकत्र करतं, आणि हे काम आपल्याच यंत्रावर होतं, फोटो बाहेर जात नाहीत. पहिल्या रात्री ते सलग चालत राहिलं. सकाळी उघडलं तर आईच्या चेहऱ्याखाली २१२ फोटो लागले होते. लग्नांच्या पंगतीत वाढताना, कुणाच्या तरी मागे अर्धी झाकलेली, कधी नुसती खिडकीत. तिचे इतके फोटो आमच्याकडे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

टीव्हीसाठी 'जेलीफिन' घेतलं, तेही फुकट. त्यात घरच्या लग्नांच्या व्हीसीडी चढवल्या. व्हीसीडीवरचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आजच्या टीव्हीवर धूसर दिसतं, पण माणसं ओळखू येतात आणि आवाज स्वच्छ असतो. चकतीवरची '.डॅट' फाईल कॉपी केली की व्हीएलसीत थेट चालते. चकती अडत असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. तरी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहा, एकाला न वाचता येणारी चकती दुसरा पुष्कळदा वाचतो. आमच्या पिशवीतल्या एकोणीस चकत्यांपैकी तीन कुठल्याच ड्राइव्हने वाचल्या नाहीत. मागचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता. पत्र्याखालच्या माळ्यावर त्यांनी पंधरा उन्हाळे काढले होते.

इथवर झालं की माणसाला वाटतं, काम संपलं. खरं काम इथून सुरू होतं.

मी दोन डिस्क लावून 'रेड' केलं होतं, म्हणजे एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवर उमटतं. १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेली ही कल्पना. एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, एवढंच तिचं वचन. पुतण्याने एकदा आवरासावर करताना सर्व्हरवरचं एक फोल्डर चुकून पुसलं, तेव्हा ते दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी गेलं. आरसा तेच दाखवतो जे समोर आहे. सुदैवाने ते फोल्डर त्याच्या फोनमध्ये शिल्लक होतं. प्रत म्हणजे वेगळ्या जागी ठेवलेली आणि कालची, परवाची, महिन्यापूर्वीची अवस्थाही जपणारी गोष्ट. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम जगभर पाळला जातो : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

हे 'दुसरं ठिकाण' आपल्या भागात शोभेचं कलम नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात माळवदाच्या घरांसकट खाली आली. हजारो माणसं गेली, पुढे ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवावी लागली. जी माणसं वाचली त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे गेलेल्यांचा एकही फोटो उरला नाही. भिंतीवरची तसबीर, पेटीतला अल्बम, सगळं त्याच ढिगाऱ्याखाली होतं. त्या वेळी एखाद्या घराचा एक फोटो सोलापूरच्या मामाकडे असेल, तर तेवढाच वाचला. इकडे नांदेडला विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या वस्त्यांत पाणी येतं. नांदेडला गोदावरी, लातूरकडे मांजरा. या दोन नद्या भेटतात त्या थेट तेलंगणात कंदकुर्तीला. म्हणजे आमच्या दोन घरांवर एकाच दिवशी एकच संकट येणं फार अवघड. याहून चांगली जोडी मला मिळाली नसती.

म्हणून बहिणीच्या घरीही तसाच जुना लॅपटॉप आणि तशीच डिस्क लावली. तिचं माझ्याकडे, माझं तिच्याकडे. पण पहिली खेप इंटरनेटवरून पाठवायची नाही. माझी फायबरची योजना ३० एमबीपीएसची. १ टीबी पाठवायला अखंड ७४ तास लागतील. त्याऐवजी डिस्क रुमालात गुंडाळली, पिशवीत घातली आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूरला गेलो. चार तासांत १ टीबी, म्हणजे सेकंदाला साडेपाचशे मेगाबिटांहून जास्त. आमच्या घरात कुठल्याच कंपनीचा इतका वेग नाही. त्यानंतर रोज रात्री फक्त बदल जातात. हे करणारा 'आरसिंक' प्रोग्रॅम १९९६ चा, आणि तो लिहिणाऱ्यांत पुन्हा तोच ट्रिजेल. दोन्हीकडच्या फाईलींचे तुकडे पाडून, त्यांच्या छोट्या खुणा ताडून, जो तुकडा वेगळा तेवढाच तो पाठवतो. मोडेमच्या संथ जोडणीच्या काळात सुचलेली ही युक्ती आपल्या अपलोडला आजही उपयोगी पडते. सातबारा, आधार, बँकेचे कागद असलेलं फोल्डर मात्र 'बोर्ग'ने कुलूपबंद करून पाठवतो. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून देवघराच्या कप्प्यात ठेवला आहे. तो विसरला तर प्रत असून नसल्यासारखी.

दोन घरं जोडताना राउटरची दारं इंटरनेटला उघडू नका. २०२२ च्या जानेवारीत 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरच्या हजारो घरगुती स्टोरेज डब्यांच्या फाईलींना कुलूप घातलं. इंटरनेटवर थेट उघडे ठेवलेले डबेच त्याला सापडले. तसंही आपल्याकडचे बरेच पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे दार उघडूनही कुणी आत पोचत नाही. 'वायरगार्ड'वर चालणारं 'टेलस्केल' दोन्हीकडे बसवलं की ही अडचण राहत नाही. दोन्ही यंत्रं एकाच घरात असल्यासारखी बोलतात आणि तिसऱ्याला ती दिसत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी लातूरच्या प्रतीतून एखादं फोल्डर परत नांदेडला मागवतो आणि उघडून पाहतो. बहीण तिकडून हेच करते. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर मी विश्वास ठेवत नाही. आता तिचा फोन भरला की ती विचारत नाही, काढून टाकते.

तुम्ही डिस्क विकत घेण्याआधी दुसऱ्या गावातलं घर ठरवा. बहीण, मामा, मित्र, ज्याच्याकडे दहा वर्षांनीही हक्काने जाता येईल असं कुणीही चालेल. आणि माळ्यावर व्हीसीडींची पिशवी असेल तर ती येत्या रविवारीच खाली काढा. नव्या लॅपटॉपांत चकती वाचणारा ड्राइव्ह आता सहसा येत नाही. ओळखीत कुणाकडे चालू ड्राइव्ह असेल तर आजच मागून ठेवा.